धारेवरची वाट

९ नोव्हेंबर

ही वही माझ्या प्रबंधाची. पुढची पानं आकड्यांनी भरली आहेत, म्हणून मागून लिहायला घेतलंय. घरात कोऱ्या वह्या होत्या, त्या घरासकट गेल्या.

भूकंपाला आज आठ दिवस झाले. पेला जमिनीवर ठेवला की त्यातला चहा हलतोय का हे आधी बघते, मग पिते. सगळेच बघतात. कुणी बोलत नाही. मोबाईलचा मनोरा आडवा झालाय, रस्ता तीन ठिकाणी तुटलाय, लष्कराचं हेलिकॉप्टर एकदा येऊन तंबू टाकून गेलं. तेवढंच.

आज बास्सू वरच्या कुरणातून उतरला. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढं तो मेंढ्यांमागे गेला आणि मी माराकेशला. तो म्हणाला, वरच्या दरीत अख्खा डोंगर नदीत उतरलाय, आणि त्यामागं पाणी साठतंय.

"किती मोठं तळं?" बाबांनी विचारलं. माझे बाबा, हद्दू. गावातल्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्या तेच ठरवतात.

"काल माझी मेंढी जिथं चरली, तिथं आज पाणी होतं, हद्दूदादा."

नदी आटली म्हणून आठ दिवस आम्ही झऱ्यांच्या नावानं रडत होतो. बाबा मिशी चावत बसले. मग म्हणाले, "इत्तो, तुझ्या त्या पेट्या चालतात का अजून?"

१० नोव्हेंबर

पेट्या म्हणजे तळहाताएवढे रेडिओ. मागच्या उन्हाळ्यात प्रबंधासाठी मी अकरा कुरणांवर लावले होते. मनोरा लागत नाही. एक पेटी दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला. कुठल्या वाटेनं द्यायचा ते त्यांचं त्या ठरवतात, आणि ते कसं ठरवावं यावरच माझा सगळा अभ्यास. अकरापैकी आठ सापडल्या. वर सौरपत्रा, आत बॅटरी. मोबाईल जोडला की लिहिता येतं.

दरीत दोन बसवल्या. एक जुन्या पाणचक्कीच्या भिंतीवर, दुसरी तिच्या वर, अक्रोडाच्या झाडाला. दोन्हीकडे उभे कडे आणि वरून सारखे खडे सुटत होते.

"पाय का गं कापतायत?" बाबांनी विचारलं.

"थंडीनं."

"हं. मलाही तीच थंडी वाजतेय."

१२ नोव्हेंबर

बास्सू एक पेटी घेऊन तळ्यावर गेलाय. पाण्याच्या कडेनं चढणीवर त्यानं दगड रचलेत, पायरीसारखे वीस. पाणी विसाव्या दगडाला लागलं की बांधावरून वाहू लागणार. दर दोन तासांनी त्यानं आकडा पाठवायचा.

पहिला निरोप: "पाणी सहाव्या दगडाला. वरून धोंडे येतात पण गुहा बरी आहे. मेंढ्या ठीक. तू जेवलीस का?"

मी कळवलं, फक्त आकडा पाठव, प्रत्येक अक्षराला बॅटरी जाते.

दोन तासांनी: "बरं. सहाच. वर बर्फ पडलंय, छान दिसतं."

या माणसाला शिस्त कशी लावायची? पण निरोप सहा सेकंदांत येतो. दरीतली वाट सरळ आहे: गुहा, अक्रोड, चक्की, आमचं गाव, आणि पुढं खाली अगर्द. दहातले दहा निरोप पोचतात. भूकंपानंतर पहिल्यांदा मला झोप येईलसं वाटतंय.

१३ नोव्हेंबर

झोप आली नाही. पहाटे पुन्हा हादरा.

बाबांबरोबर अगर्दला गेले होते. ते गाव अगदी नदीकाठच्या पट्टीवर. त्र्याऐंशी माणसं. घरं पडली तरी माणसं तिथंच तंबू टाकून आहेत, कारण सपाट जमीन तेवढीच, आणि गुरं ढिगाऱ्याशेजारी बांधलेली. तिथले वडीलधारे दादा साकू. त्यांनी चहा दिला, जवाची भाकरी दिली, तेल दिलं आणि टोमणाही दिला.

"हद्दू, तुझी पोरगी डबी कानाला लावून पाण्याचं बोलणं ऐकते म्हणे. आमच्या गाढवालाही तेवढं कळतं."

"मग गाढवाला विचारून वर चला," बाबा म्हणाले.

सगळे हसले, पण कुणी हललं नाही. वर कपारीत थंडीनं लेकरं मरतील, असं साकूंचं म्हणणं. तेही खोटं नाही.

मग बाबांनी मला न विचारताच सांगून टाकलं, "मी इथंच राहतो. डबी माझ्या उशाशी. ती ओरडली की तुम्ही माझ्याबरोबर चढायचं. नाही ओरडली, तर तुमची भाकरी खातो."

बाबांना वाचता येत नाही. मी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या: पेटी तीनदा ओरडली की सगळ्यांना घेऊन चढायचं, आणि ऐकलं हे कळवायला लाल बटण दाबायचं. ते दाबलं की माझ्याकडे 'पोचलं' उमटतं. येताना मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. बघितलं असतं तर हात धरून ओढून आणलं असतं.

१५ नोव्हेंबर

आज दुपारी भांडी घासताना हातातलं पातेलं सुटलं.

राखेचं पाणी उतारावरून ओघळत खाली चाललं होतं आणि मी नुसती बघत होते. तळं फुटलं तर पाणी कुठून येणार? दरीतून. आणि फुटल्याचा निरोप कुठून येणार? त्याच दरीतून. बांध एकदम फुटत नाही. आधी झिरपतो, ओढा फुगतो. म्हणजे चक्की आणि अक्रोड आधीच बुडणार. बास्सू बटण दाबत बसेल आणि माझ्याकडे काहीच येणार नाही. मी समजेन, सगळं ठीक आहे.

पाच वर्षं मी हेच शिकले. टप्पे किती ते मोजू नका, निरोप पोचायला किती प्रयत्न लागतात ते मोजा, असं आमचे सर सांगायचे. तसं मोजलं तर दरीसारखी चांगली वाट नाही. आकड्यांना नदी दिसत नाही आणि मलाही दिसली नाही.

दुसरी वाट डोंगराच्या धारेवरून जाते: तळं, म्हाताऱ्या लल्ला तूदाचं मेंढवाड्याचं घर, खिंडीतल्या दोन पेट्या, मग गाव. तिच्या छपरावरची आणि खिंडीतल्या पेट्या उन्हाळ्यापासून जागेवरच आहेत. लांब आहे. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात. आणि गुहेतून लल्ला तूदाची पेटी ऐकूच येत नाही. त्यासाठी बास्सूनं गुहेतून बाहेर येऊन डोंगराच्या पुढं आलेल्या उघड्या सोंडेवर बसायला हवं.

मी लिहिलं: "पेटी सोंडेवर ने. तिथून लल्ला तूदाचं घर दिसतं का?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "दिसतं. तिथंच राहायचं का?"

"हो. आता दरीची वाट बंद करतेय."

"बरं. नेतो."

पहिल्यांदाच त्यानं फालतू काही लिहिलं नाही. शिकला एकदाचा.

१६ नोव्हेंबर

अकरावा दगड. धारेवरून निरोप यायला पन्नास सेकंद लागतात आणि दहातले आठच पहिल्या फेरीत पोचतात. तरी पोचतात.

दुपारी बास्सूचं पुन्हा सुरू झालं: "इथं सोंडेला फट आहे. काल बोटभर होती. मोजू का?"

मी कळवलं: "फट नको, पाणी मोज."

"बरं. अकराच. इथून तुमच्या गावातला धूर दिसतो. बरं वाटतं."

प्रत्येक निरोप आता चार पेट्यांची बॅटरी खातो आणि याला धूर दिसतो. चिडून उत्तर दिलं नाही.

१७ नोव्हेंबर

तेरावा दगड. दिवसभर ढग.

लल्ला तूदाकडची पेटी चौतीस टक्क्यांवर आलीय. काल साठ होती. ढग सगळीकडे आहेत, मग हिचीच का उतरते? सगळे निरोप तिच्यावरूनच जातात हे खरं, पण तरी इतकी? ती मेली तर धारेची वाट मेली. गणित तीनदा केलं. उद्या संध्याकाळपर्यंत टिकेल.

कुणाला पाठवावं? धारेची पायवाट भूकंपात दोन ठिकाणी खचलीय. ज्यांच्याकडे दोन पाय धड आहेत ते सगळे ढिगारे उपसतायत. आणि पेटी दुरुस्त करणं फक्त मला येतं. म्हणजे मलाच जायचंय. हे वाक्य लिहून अर्धा तास झाला, अजून उठले नाही.

१८ नोव्हेंबर, लल्ला तूदाच्या घरी

पोचले. पायवाट खचली होती तिथं पोटावर सरपटत गेले. खाली बघितलं नाही. मध्येच एक हादरा आला तेव्हा मी दगडाला मिठी मारून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पाठीवर मोटारसायकलची बॅटरी होती आणि तिचा कोपरा अजून बरगडीत बोचतोय.

लल्ला तूदा दारातच उभी होती. ऐंशीची असेल, दात दोन, आवाज दहा माणसांचा.

"हद्दूची पोर ना तू? किती गं हडकलीस! शहरात खायला देत नाहीत?"

"लल्ला, पेटी कुठंय?"

"आहे की. झोपलीय."

छपरावर गेले. पेटीवर, सौरपत्र्यावर, सगळ्यावर मिळून तिनं आपली लोकरीची जाड शाल गुंडाळली होती, वर दगड ठेवून.

"थंडीनं गारठली होती बिचारी," लल्ला खालून ओरडली. "हात लावला तर बर्फ! म्हटलं, दिवसरात्र लोकांचे निरोप वाहते, पांघरूण तरी घालावं."

मला हसू येईना, रडू येईना. तिला समजावलं की ऊन हेच हिचं जेवण. लल्लानं डोक्याला हात लावला. "म्हणजे मी तीन दिवस उपाशी ठेवली हिला! आधी सांगायचंस की!"

खरंच, मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात येऊन पेटी बांधली आणि 'हात लावू नका' म्हणाले होते.

मोटारसायकलची बॅटरी जोडलीय. आता तीन दिवस चिंता नाही. सोळावा दगड. लल्लानं जवाची पेज दिली. उद्या परत जायचं, त्याच पायवाटेनं.

२० नोव्हेंबर, लल्ला तूदाच्या घरी

काल लिहिता आलं नाही. जसं झालं तसं लिहिते.

काल सकाळी नऊला बास्सू: "अठरा. बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी फुटलंय."

मी दरीच्या पेट्या वाटेतून काढल्या होत्या तरी त्या जिवंत होत्या, दर दहा मिनिटांनी हजेरी देत होत्या. सव्वानऊला अक्रोडाची हजेरी आली नाही. साडेनऊला चक्कीचीही नाही. पडद्यावर दोन नावं राखाडी झाली. जुनी वाट ठेवली असती तर पाणी फुटल्याचा निरोपच शेवटचा ठरला असता.

गावातल्या पेटीजवळ ज्या मुलींना बसवून आले होते त्यांना कळवलं आणि अगर्दला इशारा पाठवला: तीनदा ओरड. 'पोचलं' उमटलं. म्हणजे बाबा जागेवर आहेत आणि अजून खालीच आहेत.

दुपारपर्यंत काही नाही. बास्सू दर पाव तासाला आकडा पाठवत होता. एकोणीस. एकोणीस. मी लिहिलं, "तू आता वर निघ." तो म्हणाला, "निघालो तर कोण सांगणार? पेटी फक्त इथूनच ऐकू जाते ना?"

मी लिहिलं, हो.

एवढंच लिहिलं मी. हो.

एक वाजून चाळीस मिनिटांनी: "सुटलं."

बाकी एक अक्षर नाही. मी अगर्दची पेटी पुन्हा ओरडवली. पन्नास सेकंद. एक मिनिट. 'पोचलं'.

मग आवाज आला. आधी वाटलं, हादराच. लल्लानं माझा दंड धरला. खाली दरीतून तपकिरी भिंत गेली, तिच्यात अख्खी झाडं उभीच्या उभी, आणि पुढं धुळीचा लोट. आमचं गाव चढणीवर आहे, ते वाचलं हे दिसत होतं. अगर्द वळणापलीकडे. तिथलं काही दिसत नव्हतं.

"तुझा बाप तिथं आहे?" लल्लानं विचारलं.

"हो."

"मग बस. उभी राहून काही लवकर कळत नाही."

मी बसले. पाऊण तास काही आलं नाही. पाण्याला अगर्दला पोचायला जेवढा वेळ लागेल असं मी मोजलं होतं, तो उलटून गेला. मी पेटीसमोर गुडघ्यात डोकं घालून बसले होते आणि खरं सांगायचं तर प्रार्थना करत नव्हते, आकडे म्हणत होते. दोनाचा पाढा, तिनाचा पाढा.

मग: पोचलं.

पोचलं. पोचलं. पोचलं. पोचलं.

बाबांना दुसरं काही लिहिताच येत नाही. ते वर कुठंतरी उभे राहून तेच एक बटण दाबत होते. लल्ला विचारत राहिली, काय म्हणतोय, काय म्हणतोय? मी पडदा तिच्यापुढं धरला.

बास्सूकडून काही नाही. त्याचं नाव राखाडी आहे.

२१ नोव्हेंबर

परत गावात. पायवाट कशी ओलांडली ते कळलं नाही. भीती होती, पण दुसऱ्याच गोष्टीची.

बाबा आले. ब्याऐंशी माणसं वर चढली. अली ऊ-बिही गाय सोडायला मागं फिरला, तो गेला. दादा साकू तंबूबाहेर बसून आहेत, त्यांच्याशी कुणी बोलायला गेलं की मान हलवतात. सकाळच्या इशाऱ्यावर त्यांनीच पोरं आणि म्हातारी माणसं वर धाडली होती आणि दुपारी काठीनं बाकीच्यांना हाकललं. अली त्यांच्या बहिणीचा मुलगा.

लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून जातात. एका बाईनं अंड्यांची टोपली आणून दिली. मी प्रत्येकाला विचारते, बास्सूचं काही कळलं? लोक खाली बघतात.

बास्सूची आई आज मला म्हणाली, "तो सोंडेवर का गेला गं? लहानपणापासून तिला घाबरतो तो. तिथून त्याचा भाऊ पडला होता."

मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. ते खरं आहे. पण मागची पानं उलटून बघितली. फट, बोटभर. मोजू का? आणि माझं उत्तर माझ्याच अक्षरात.

२२ नोव्हेंबर

सापडला. जिवंत. पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढपाळांना. अर्धी सोंड पाण्याबरोबर गेली, उरलेल्या अर्ध्यावर तो दोन दिवस अडकला होता. डावा पाय धोंड्याखाली. खेचरावरून आणतायत.

मला आनंद झाला का? झाला. पण सगळ्यात आधी भीती वाटली, की आता तो माझ्याकडे बघेल.

२४ नोव्हेंबर

हेलिकॉप्टर उद्या येणार. गुडघ्याखालचा पाय कापावा लागेल, असं लष्कराचा औषधवाला म्हणाला.

काल दिवसभर त्याच्या तंबूपर्यंत जाऊन तीनदा परत आले. आज बाबा म्हणाले, "चौथ्यांदा जातेस की मी उचलून नेऊ?"

बास्सू पडून होता. ओठ फुटलेले, दाढीत माती. मला बघून उठायला गेला.

"पडून राहा."

"तू जेव्हा बघावं तेव्हा हुकूमच देतेस," तो म्हणाला.

मी पाठ करून गेले होते. सगळं विसरले. म्हणाले, "बास्सू, ती वाट मी निवडली होती. गुहेतून दरीची वाट चालत होती. तुला सोंडेवर मी बसवलं. बॅटरी मोजली, टप्पे मोजले, पन्नास सेकंद मोजले. तू कुठं बसणार ते मोजलं नाही."

त्यानं नजर तंबूच्या कापडाकडे वळवली.

"दरीची वाट बुडणारच होती ना?"

"हो."

"मग बरोबर निवडलीस."

"बरोबर निवडली. पण फट आहे म्हणून तू सांगितलंस, आणि मी—"

"अगं, तू नीट विचारलं असतंस तरी मी तिथंच बसलो असतो."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणून तर विचारायला हवं होतं."

त्याची आई सूप घेऊन आली. त्याला उठून बसता येईना, म्हणून वाटी मी धरली.